मशीनला न समजलेलं 'हाव'

माझ्या लिहिण्यात चुका फार असतात, अक्षरही वेडंवाकडं. कोणी वाचलंच तर माफ करावं. चौथीनंतर लिहायचं कामच पडलं नाही.

आम्ही संग्रामपूरकडे भाजी पिकवतो. बँकेत ठेव ठेवली तेव्हा साहेबांनी तिच्यावर माझ्या नावाचं क्रेडिट कार्ड दिलं. खताच्या दुकानाशिवाय ते मी कुठे वापरलं नव्हतं. पुतणीच्या साखरपुड्याला इंदूरला निघालो, तेव्हा असू द्यावं म्हणून सोबत घेतलं.

तिथे बसमधून उतरताच माझ्या घरधन्याच्या, मालकांच्या छातीत कळ आली. रिक्षावाल्याने खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लगेच द्यावं लागेल, आधी पैसे भरा. मी कार्ड दिलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "माताजी, नहीं चल रहा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. बँकेचं मशीन हिंदीत बोलत होतं. परराज्यात मोठी रक्कम निघते आहे, ती तुम्हीच काढताय का, हाँ किंवा ना बोला. भोवती सगळी परकी माणसं. मी पदर तोंडाशी धरून म्हटलं, "हाव." मशीन म्हणालं, समजलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "हाव, मीच काढून राह्यली." हाँ मला येत होतं, पण भीतीपायी घरचाच शब्द निघत होता. शेवटी ते म्हणालं, आपल्या सुरक्षेसाठी कार्ड बंद केलं आहे.

स्ट्रेचरवरून मालक म्हणाले, "जोरात बोल ना वं. घरी त लय वरडतं माह्यावर." मग त्यांना बोलवेना.

बाजूच्या बाकावर बुऱ्हाणपूरची एक बाई बसली होती. तिचा नवरा सकाळीच तिथे वारला होता, मुलं त्याला घरी न्यायला गाडी ठरवायला गेली होती. तिने पिशवीतून नोटांचं पुडकं काढलं.

"ले लो बहन. इनको अब नहीं लगेगा."

मी घेतलं. तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही.

मालक वाचले, पण आता पाण्याची बादलीही त्यांच्याने उचलवत नाही. खामगावच्या शाखेतले साहेब हसून म्हणाले, "काकू, नुसतं हाँ तर म्हणायचं होतं." ठेव मोडली, ती दवाखान्याच्या बाकी बिलात गेली.

त्या बाईचे पैसे मेथी-वांगी विकून थोडे थोडे पाठवले. शेवटचे द्यायला मी स्वतः बुऱ्हाणपूरला गेले. तिने ते न मोजता नवऱ्याच्या फोटोखाली ठेवले आणि म्हणाली, "पूरे हो गए."