होल्स्टर ओळखणारा कर्नल

मला सगळे कर्नल म्हणतात. मी सैन्यात एक दिवसही नव्हतो. बंदुकीशी माझा आयुष्यातला एकमेव संबंध आला तो एका आनंदमेळ्यात, फुगे फोडायच्या दुकानावर. दहा छर्रे मारले, एकही फुगा फुटला नाही. मग शेजारच्या एका पोराच्या हातातला फुगा आपोआप फुटला आणि मी दोन्ही कानांवर हात ठेवून मटकन खाली बसलो. बायको सोबत होती, त्यामुळे ही गोष्ट दाबून टाकायची सोय उरली नाही.

माझा धंदा चामड्याचा. बॅगा, पट्टे, सुटकेसच्या मुठी, असलं सगळं मी दुरुस्त करतो. एकदा जुन्या वस्तू जमवणारे एक डॉक्टर पिस्तूल कमरेला अडकवायचं उसवलेलं होल्स्टर घेऊन आले. फार जुनं, लढाईतलं आहे म्हणाले. मी वास घेतला, दोरा ओढून पाहिला आणि सांगितलं, "डॉक्टर, दोरा नायलॉनचा आहे आणि चामडं चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारं केलंय." त्यांनी मला तिथल्या तिथे हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मी आजतागायत उतरलेलो नाही. जुने कॅटलॉग मिळवले, सैन्यात कोणाला काय शस्त्र मिळायचं ते पाठ केलं, आणि दुकानाच्या पाटीवर बॅग-दुरुस्तीच्या खाली एक ओळ वाढवून घेतली: लष्करी चामडी सामानाचे जाणकार. ओळखीचे लोक चेष्टेने कर्नल म्हणू लागले. मी ती चेष्टा बढती म्हणून स्वीकारली.

ओळखण्याची विद्या तशी सोपी आहे. रिव्हॉल्व्हरला गोळ्यांचं गोल चक्र असतं, त्यामुळे त्याचं होल्स्टर मध्ये फुगतं. पिस्तूल चपटं, म्हणून त्याचं होल्स्टरही चपटं, आणि बऱ्याचदा पुढे जादा गोळ्यांसाठी एक खिसा. पितळी बटणाभोवती हिरवट डाग असला तर वस्तू जुनी. शिक्का, साल, तपासनिसाची खूण, एवढं पाहिलं की गिऱ्हाइकासमोर अर्धा तास बोलता येतं. मी पाऊण तास बोलायचो.

एका सकाळी एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या, जवळच्याच डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. त्यांनी पिशवीतून मोठं झाकणाचं होल्स्टर काढून काउंटरवर ठेवलं.

"बाबांचं आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात गेले ते. सैन्यात होते एवढंच आम्हाला माहीत. त्या काळाबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नाही त्यांनी. कागद होते ते पुरात गेले."

"आणि पिस्तूल?"

"ते नव्हतंच. नुसतं हे, कपाटात सगळ्यात खाली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "काका, मला एकच सांगा. बाबांनी यातून पिस्तूल काढून कुणाला मारलं असेल का?"

शहाण्या माणसाने म्हटलं असतं, ताई, चामड्याला हे कसं कळणार. पण शहाणा माणूस त्या दिवशी दुकानात नव्हता, कर्नल होता. मी चष्मा नाकावर ओढला, झाकण उघडलं आणि तोंडाशी बोट फिरवलं. कडा घासून घासून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. इतकं झिजलेलं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

"हे बघा," मी म्हणालो. "पुष्कळ अधिकाऱ्यांची होल्स्टरं नुसती शोभेची असतात. हे तसं नाही. यातून शस्त्र शेकडो वेळा बाहेर आलंय. ज्याचं होतं तो माणूस कामाचा होता."

कौतुक करतोय असंच मला वाटत होतं. बाईंचा चेहरा पडला.

"शेकडो," त्या म्हणाल्या.

"निदान," मी म्हणालो. माझी जीभ एकदा सैल सुटली की तिला लगाम नाही.

त्यांनी पिशवीची घडी केली. "काका, हे तुम्हीच ठेवा. मला घरात नको. त्या हातांनी आमच्या वेण्या घालायचे ते." आणि त्या गेल्या.

आता लाजेची गोष्ट सांगतो. त्या गेल्यावर मला आधी आनंद झाला. एवढी सुंदर वस्तू आयती मिळाली म्हणून मी ती पुसली, शोकेसमध्ये मधोमध मांडली आणि लांबून, जवळून, तिरपं उभं राहून पाहिली.

दुपारी बायको डबा घेऊन आली. लग्नाआधी आणि नंतरही तिने बुटांच्या दुकानात बावीस वर्षं काढली आहेत. मी तिला सगळी हकिगत रंगवून सांगितली. तिने होल्स्टर बाहेर काढलं, मनगटापर्यंत हात आत घातला आणि चाचपलं.

"अहो, हा तर ट्रायलचा बूट आहे," ती म्हणाली.

"काय?"

"दुकानात मापाला एक बूट ठेवतो ना, तसं. दिवसभर पन्नास पाय आत-बाहेर. तोंड झिजून जातं, पण आत एकाही पायाचा ठसा नाही. कारण कुणी तो घालून चालतच नाही." तिने होल्स्टर उलटं केलं. "आणि हे बघितलंत का? पट्टा ओवायची ही पट्टी. कोरी करकरीत आहे. कमरेला लागलंच नाहीये हे कधी."

मी घास हातात धरून बसलो. वर्षभर एकच शस्त्र आत राहिलं तर चामडं त्याचा आकार धरतं, त्याचे कोपरेसुद्धा मोजता येतात, हे मीच लोकांना पाऊण तास समजावून सांगतो. ती कोरी पट्टीही मी पाहिली होती. पाहून मनात म्हणालो होतो, वा, काय जपून वापरलंय.

"तुम्हाला लढाई हवी होती, म्हणून लढाई दिसली," बायको म्हणाली. "आता जा आणि त्या बाईला सांगून या. जेवून जा."

पण मी डबा तसाच झाकून ठेवला. एका मुलीच्या डोक्यात तिच्या बापाचे हात मी रक्ताने माखले होते, आणि तेही निव्वळ शेखी मिरवायला. मला स्वतःची मनापासून किळस आली. होल्स्टर पिशवीत घातलं आणि दवाखाना गाठला.

तिथेही माझी बुद्धी माझ्यापुढे चार पावलं पळाली. कुणाला भेटायचंय ते नीट सांगायच्या ऐवजी मी रांगेत बसलो. एक तरुण नर्स आली, "काका, मान वर करा," म्हणाली, आणि मी तोंड उघडेपर्यंत दोन्ही डोळ्यांत तपासणीआधीचे दोन-दोन थेंब पडलेसुद्धा. दोनदा आणखी टाकले. अर्ध्या तासाने बाई समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मला दिसला तो फक्त एक पांढरा ढग.

"काका? तुम्ही इथे?" ढग म्हणाला.

"ताई, मी चुकलो," मी म्हणालो. "होल्स्टर आणलंय. हात पुढे करा, मला आत्ता काही दिसत नाही."

त्या बाकावर शेजारी बसल्या. मी त्यांची बोटं होल्स्टरच्या आत नेली. "गोल खळगा लागतो? कुठे कोपरा?"

"नाही. सपाट आहे."

"आता पाठीमागची पट्टी. खरखरीत लागते ना? ही पट्ट्यावर घासलेली नाही. हे कमरेला कधीच नव्हतं. माझा अंदाज ऐका, आणि अंदाजच म्हणून ऐका. सैन्यात शस्त्र कोणाच्या मालकीचं नसतं. नंबर लिहून मिळतं, काम झालं की परत जमा करायचं. कुणीतरी काउंटरच्या मागे उभा राहून ते देतो आणि घेतो. देताना एकेक पिस्तूल या नमुन्यात घालून बघत असणार, नीट बसतं का, पटकन निघतं का. तुमचे बाबा तो देणारा माणूस असावेत. शेकडो वेळा म्हणालो ते खरं, पण प्रत्येक वेळी शस्त्र वेगळं होतं. ते हातात घेऊन जाणारा माणूसही वेगळा होता."

होल्स्टर माझ्या हातात हललं; त्यांची बोटं पुन्हा त्या पट्टीवरून फिरत होती.

"आम्ही बाहेरून आलो ना," त्या शेवटी म्हणाल्या, "की बाबा दारात उभे असायचे. डबा, पाण्याची बाटली, छत्री, सगळं एकेक करून हातात घ्यायचे आणि म्हणायचे, 'जमा.' आम्ही बहिणी हसायचो. चिक्कू म्हणायचो त्यांना. एकदा मी छत्री हरवून चिंब भिजत घरी आले. वाटलं, आता ओरडणार. तर त्यांनी मला घट्ट धरलं आणि ढसाढसा रडले. 'छत्री जाऊ दे, तू आलीस ना, तू आलीस ना,' एवढंच. मी आठ वर्षांची होते, मला काही कळलंच नाही."

त्यांनी होल्स्टर माझ्या हातातून काढून घेतलं. झाकणाचं बटण लावल्याचा आवाज आला.

"काका, त्यांनी दिलेली किती पिस्तुलं परत आली नसतील हो?"

कॅटलॉगमधले आकडे, सालं, शिक्के, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर असतं.

"मला माहीत नाही, ताई," मी म्हणालो.