पहिला बाक

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आमच्या चर्चमध्ये एक काकू दर रविवारी पहिल्या बाकाच्या टोकाला बसायच्या. कॉटनची साडी, वर मुलाचं ढगळ जॅकेट, हातात काठी. बोलण्यावरून वसईच्या वाटायच्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून पुढची जागा. मिस्सेची प्रार्थना सुरू झाली की त्या तळवा कानामागे धरायच्या.

एका रविवारी पांढरे झगे आणि छातीवर लाल क्रूस अशी दहा-बारा मंडळी रांगेने आत आली. व्यवस्था बघणाऱ्या माणसाने हसतमुखाने काकूंना उठवलं आणि पार मागे, माझ्या शेजारी आणून बसवलं. माझं डोकंच फिरलं.

"कोण रे हे?" काकूंनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "नाइट्स. युरोपातल्या एका राजघराण्याचा जुना कॅथलिक संघ आहे. खांद्यावर तलवार टेकवून सरदार करतात."

"राज्य कुठाय त्यांचं?"

"गेलं कधीच." राजाला हाकलून उभ्या राहिलेल्या देशात हे सरदार मिरवत होते!

"मग करतात काय?"

"शपथ घेतात, काकू. विधवांचं, दुबळ्यांचं रक्षण करू म्हणून."

काकूंनी कानामागचा हात खाली घेतला. "मी विधवाच आहे. मग मला कुणापासून वाचवायला उठवलं?"

कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात. पुढचे झगे वळले. प्रश्न सगळ्या चर्चने ऐकला, पण मराठीत होता, कळला फक्त मला.

मी उभा राहिलो आणि तोच प्रश्न इंग्रजीत विचारला.