खेळातल्या खुनाची कबुली

वायरिंगमध्ये काटेकोर, पाप मोजण्यातही काटेकोर, म्हणून त्या वायरमनला सगळे काटेकोरच म्हणत. व्हिडिओ गेममध्ये त्याच्या हातून मठातली एक सिस्टर मेली, तेव्हापासून तो चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठेना. फादरांपुढे पापं कबूल करायला, कन्फेशनला, मात्र दर आठवड्याला तेच पाप घेऊन हजर. शेवटी फादर वैतागले.

"अरे बाबा, तू बटण दाबलंस. मेलं कोणी नाही. हे पुन्हा आणू नकोस."

काटेकोर धुमसतच घरी आला. "मी पाप सांगतोय आणि हे मलाच वाटेला लावतायत."

"खेळताना लेक जेवायला बोलवायला आली, तिच्यावर खेकसलात," बायको म्हणाली. "अजून बोलत नाहीये ती. ते सांगितलंत फादरना?"

"ते खेळाबाहेरचं," तो गुरगुरला, आणि स्वतःच्याच उत्तराने त्याचं डोकं स्वतःवरच सणकलं. तसाच लालबुंद होऊन, कबुली द्यायला त्याने लेकीचं दार वाजवलं.