डावीकडचं शून्य

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना ‘झाडूभाऊ’ हे नाव त्यांच्या बायकोनंच ठेवलं. माणूस इतका टापटिपीचा, की लोकांच्या दारातल्या चपलाही ओळीत लावून ठेवील. इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात तो प्रोग्राम लिहायचा, आणि झाडू त्या प्रोग्रामवरही मारायचा.

सोमवारी सकाळपासून वॉर्डात एकही रिपोर्ट पोचेना. प्रोग्राम फाइल लिहायचा आणि तीच वाचायला गेला की उत्तर यायचं, परवानगी नाही. स्वतःच्या घरात स्वतःलाच मज्जाव! प्रयोगशाळेतल्या बाई आकडे हातानं उतरवून वॉर्डात पळत होत्या.

“झाडूभाऊ, हात मोडले हो माझे.”

“बाई, पाचच मिनिटं.”

“तुमची पाच मिनिटं नवाला सुरू झालीत!”

मोठे डॉक्टर दारातूनच म्हणाले, “साडेअकरापर्यंत चालू करा. नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस बघतो.”

त्रेपन्नाव्या वर्षी कोण दारात उभं करणार? भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. परवानगीचा आकडा तर बरोबर होता: ६४०. सहा म्हणजे फाइलच्या मालकानं, म्हणजे प्रोग्रामनं, वाचावं-लिहावं, चार म्हणजे डॉक्टरांच्या गटानं नुसतं वाचावं, शून्य म्हणजे बाकीच्यांनी फिरकू नये. हाच आकडा त्यांनी हातानं आज्ञा देऊन लावला, की फाइल निमूट उघडायची. प्रोग्रामनं लावला, की मालकाला फक्त लिहिता यायचं आणि डॉक्टरांना काहीच नाही. भाऊंनी मशीन बंद करून चालू केलं, देवाला हात जोडले, मशीनला शिव्या घातल्या. बायकोचा फोन दोनदा वाजून थांबला.

शेवटी त्यांनी प्रोग्रामची गुरुवारची जुनी प्रत शेजारी उघडली. फरक एकाच अक्षराचा. तिथं ०६४० होतं.

शुक्रवारी प्रोग्रामची साफसफाई करताना भाऊ पुटपुटले होते, “डावीकडच्या शून्याला किंमत काय? तिसरीतलं पोरही सांगेल.” आणि ते पुसलं होतं; नवी प्रत सोमवारी सकाळी चालू झाली. पण प्रोग्राम ज्या सी भाषेत लिहिला होता, तिच्यात ते शून्य म्हणजे ‘हा आकडा आठाच्या हिशेबानं वाच’ ही खूण. ती गेली, की ६४० हे साधे सहाशे चाळीस होतात आणि परवानग्यांचा पार विचका होतो. हातानं दिलेल्या आज्ञेला त्या खुणेची गरजच नसते.

शून्य परत बसलं. रिपोर्ट धडाधड सुटले. घड्याळात बाराला वीस कमी.

“कोणी बिघडवलं होतं?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

“मशीन बिघडलं होतं म्हणा ना,” बाई कानाशी कुजबुजल्या.

“मी,” भाऊ म्हणाले.

“उद्या येऊ नका.”

भाऊंनी डबा उचलला आणि ते निघाले. खुर्ची तशीच तिरकी राहिली.