शेऱ्याचा रकाना

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. आई म्हणायची, या पोरीच्या नाकावर रागच बसून राह्यते, माशीले जागा नाही. पण लोहाऱ्याच्या आमच्या तेल कंपनीत त्या पावसाळ्यात जे झालं, ते पाहून राग आला नसता तर मला माणूस म्हणू नका.

आमच्याकडे सरकीचं कच्चं तेल यायचं. त्याला कॉस्टिक सोडा लावायचा, मग गरम पाण्याने धुवायचं, कारण कॉस्टिकने तेलात साबण होतो आणि तो निघावाच लागतो. मी क्वालिटीची. धुतलेल्या तेलाचा नमुना माझ्या लॅबमध्ये यायचा. साबण दिसला की मी फोन उचलून सांगायची, "दुसरा वॉश मारा." झालं. तेल चकाचक, गिऱ्हाईक खूश, माझा आलेख वर. ते साबणाचं पाणी पुढे कुठे जातं, हे मी कधी विचारलं नाही.

ते जायचं चाचांकडे. मागच्या भिंतीला लागून सांडपाण्याचा प्लांट होता, तो चाचा चालवायचे. मूळचे यवतमाळचे मोटार मेकॅनिक. गॅरेज बंद पडलं तेव्हा इथे कंत्राटावर लागले. पंपाच्या अंगाला कान लावून बेअरिंग कधी जाणार ते सांगायचे, आणि ते तेव्हाच जायचं. पर्यावरणाचं रजिस्टर तेच लिहायचे, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात. त्यांच्या टाक्या बांधल्या होत्या एका वॉशच्या पाण्यापुरत्या.

कंपनीकडे दोन सर्टिफिकेटं होती, एक दर्जाचं आणि एक पर्यावरणाचं. दोन फाइली, दोन कपाटं, वर्षातून दोनदा ऑडिट. साहेबांना त्याचा कंटाळा आला. कोणीतरी त्यांना सांगितलं की आता सगळीकडे दोन्ही पद्धती एकत्र करतात, एकच व्यवस्था, एकच ऑडिट. विचार सोन्यासारखा होता, मी आजही म्हणते. तेल धुणारा आणि ते पाणी झेलणारा एका टेबलाशी बसले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण बसवतो कोण? नागपूरहून एक सल्लागार आला. तीन दिवस साहेबांच्या एसीत बसला. मागच्या भिंतीपर्यंत तो एकदाही गेला नाही, बूट खराब झाले असते ना! त्याने दोन्ही फाइलींना एक कव्हर घातलं, कव्हरवर हिरवं पान छापलं, स्पायरल बाइंडिंग मारलं आणि म्हणाला, झालं एकात्मिक. अरे बाप्पा! दोन म्हशी एका खुंट्याला बांधल्या म्हणून दूध एक होते काय? आणि मी काय केलं? मला 'समन्वयक' केलं म्हणून सगळ्या डिपार्टमेंटला पेढे वाटले. त्या दिवसापासून चाचांच्या रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली 'तपासले' म्हणून माझी सही होऊ लागली. आठवड्याची सात पानं एकदम यायची. मी एका दमात सात सह्या ठोकायची आणि चहा मागवायची.

पावसाळ्यात जुन्या, ओल लागलेल्या सरकीचं तेल आलं. आंबट, म्हणजे कॉस्टिक जास्त आणि साबणही जास्त. एका वॉशने साबण निघेना. मी जवळजवळ रोज दुसरा वॉश मारायला सांगू लागले.

आणि एके सकाळी मागच्या भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या एका बाईने प्लास्टिकची बादली आणून गेटवरच्या टेबलावर आदळली. बादलीत आमच्या भिंतीमागच्या नाल्याचं पाणी होतं आणि त्यावर वीतभर फेस. तिच्या म्हशी त्या नाल्यावर पाणी प्यायच्या. "तुह्या साहेबाले सांग, हे पेऊन दाखव म्हनावं!" ती सिक्युरिटीवाल्यावर ओरडली. "तो पेला, तं माह्या म्हशीबी पेतीन!" बादली तिथेच ठेवून ती निघून गेली.

ऑडिटर आठ दिवसांनी येणार होता. साहेबांनी मला बोलावलं. समोर सुधारणेचा कोरा फॉर्म. "कारणात लिहा, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. कंत्राटदाराला सांगून त्याला सोमवारपासून बंद करतो. ऑडिटरला कारवाई दिसली पाहिजे."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा मला तसं वाटलं नाही. मी फॉर्म उचलला आणि आले. मला वाटलं, म्हातारा झोपला असेल.

दुपारी चाचा लॅबच्या दारात उभे. चप्पल बाहेर काढून, जसे नेहमी यायचे. "मॅडम, मले काढून राह्यले म्हनते. या उमरमंधी लोहाऱ्यात मले कोन ठेवीन? गॅरेजचे पान्हे बी इकून बसलो मी." मी फॉर्म वहीखाली सरकवला. मग ते म्हणाले, "तुमी माहं रजिस्टर वाचलं का?"

"पाहते," मी म्हटलं.

ते चप्पल घालून गेले.

फॉर्मवर टाकी भरून वाहिल्याच्या तारखा लिहायच्या होत्या, म्हणून त्यांचं रजिस्टर काढलं आणि ताडून पाहायला माझं शेजारी ठेवलं. इतके महिने 'एकात्मिक' असलेली ती दोन रजिस्टरं पहिल्यांदा एका टेबलावर आली. माझ्यात लिहिलं होतं: दुसरा वॉश, साबण निघाला, ओके. त्याच तारखेला त्यांच्या शेऱ्याच्या रकान्यात: टाकी भरली. फेस वर आला. मॅडमले फोन केला. म्हणते, पाहते.

पान उलटलं. दुसरा वॉश, ओके. मॅडमले फोन केला, म्हणते, पाहते. पुढचं पान, तेच. त्याच्या पुढचं, तेच. मग, फोन केला, उचलला नाही. मग एका दिवशी: स्वतः गेलो. मॅडम मीटिंगमंधी होती. दोन फाइली एक केल्या, त्याची मीटिंग.

आणि प्रत्येक पानाखाली 'तपासले', माझी झोकदार सही.

मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरंच सांगते. फोन आठवत होते मला. मागे पंपाचा घरघराट, चाचांचा आवाज, आणि मी एका हाताने नमुन्याची बाटली हलवत "पाहते" म्हणून ठेवून द्यायची. त्या माणसाने ओरडून सांगितलं, लिहून सांगितलं, चालत येऊन सांगितलं. अजून काय करायचं होतं त्याने?

मी फॉर्म भरला: क्वालिटी विभागाने सांडपाण्याच्या प्लांटला न विचारता रोज दुसरा वॉश दिला. ऑपरेटरने वेळोवेळी कळवले. दखल घेतली नाही. खाली माझी सही, या वेळी वाचून.

साहेबांनी तो वाचला आणि टेबलावर फेकला. "स्वतःच्या पायावर धोंडा कायले पाडून घेऊन राह्यल्या?" तापले की त्यांच्या तोंडी वऱ्हाडी यायची. "सर्टिफिकेट गेलं तर?"

"गेलं तर जाऊ द्या," मी म्हटलं. माझा आवाज बाहेर पॅकिंगपर्यंत गेला असणार. "तुम्ही हा फॉर्म बदलला, तर ही दोन्ही रजिस्टरं मी स्वतः ऑडिटरच्या हातात देईन."

त्यांनी बदलला. मी दिली. ऑडिटरसमोर साहेबांनी हिरव्या पानाचं कव्हर सरकवलं, मी त्यावर दोन्ही रजिस्टरं उघडून ठेवली आणि तारखेवार मोठ्याने वाचली. ऑडिटरने विचारलं, "या मॅडम कोण?"

"मी," म्हटलं.

सर्टिफिकेट थांबलं. माझं समन्वयकपद गेलं. पेढे मात्र लोकांनी खाऊन टाकले होते. चाचा राहिले. साहेबांनी तोंड वाकडं करून एक नियम मान्य केला, कारण त्याशिवाय ऑडिटर परत येत नव्हता: चाचांनी होकार दिल्याशिवाय दुसरा वॉश नाही.

पंधरा दिवसांत तशी वेळ आली. तेलात साबण, गेटवर टँकर हॉर्न वाजवतोय, साहेब दोनदा डोकावून गेलेले. मी फोन लावला. "चाचा, दुसरा वॉश मारू का?"

मागे पंपाचा घरघराट. "पाहतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

असा राग आला! सवयीने आला. रिसीव्हर हातात तसाच, आणि तो राग काढायला समोर कोणीच नव्हतं. मी नमुन्याची बाटली धरून उभी राहिले. हॉर्न वाजत राहिला. सव्वा तासाने फोन आला.

"आधीचं पानी साफ करून टाकी रिकामी केली. मारा आता." थोडं थांबून म्हणाले, "किती वाजता फोन आला, किती वाजता हो म्हनलं, समदं शेऱ्यात लिवलं हाय, मॅडम. या खेपेले वाचजा."