अकोल्याचं गिऱ्हाईक

उन्हाळ्याच्या सुट्टीत राजापेठेतल्या माझ्या घरी मी नऊ-दहा मुलांना छोटा धंदा कसा करावा ते शिकवत होते. चिवडा-शेवयांचा माझा घरगुती धंदा बरा चालला होता, तेवढंच भांडवल. आपला माल कोणाला लागेल ते शोधा, नंबर ठळक लिहा, गिऱ्हाईक येत नसेल तर आपण त्याच्याकडे जा, असं मी मुलांना सांगायची.

त्यातली एक मुलगी अकरा वर्षांची. तिची आई शिवणकाम करायची आणि उरलेल्या कापडाच्या पिशव्या ही मुलगी विकायची. आईचा फोन नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या तिने दुकानादुकानांत दिल्या होत्या. मला तिचं फार कौतुक होतं.

एका सकाळी ती वर्गाला आली नाही. ऊन लागलं असेल, असं समजून मी शिकवत राहिले. बारा वाजता तिची आई दारात उभी.

"मॅडम, पोरीले घ्यायले आली."

"ती तर आज आलीच नाही."

 बाई पायरीवर बसली. "नऊ वाजता निघाली घरून. पिशव्यायची थैली घेऊन."

तिच्या फोनमध्ये आदल्या संध्याकाळचा एक अनोळखी नंबर होता. तो फोन मुलीनेच घेतला होता. मी लावून पाहिला. बंद.  बाकीच्या मुलांना विचारलं, तेव्हा एक जण हळूच म्हणाली, "तिले मोठी ऑर्डर भेटली मॅडम. अकोल्याची. तिथल्या स्टँडवर बलावलं म्हणे."

पोलिसांत जायला आम्ही रिक्षात बसलो, तेवढ्यात मुलीच्या आईचा फोन वाजला. पलीकडे कोणी बाई होती.

"पोरगी तुमची व्हय का? अकोल्याच्या स्टँडवर हाये. मी काकड्या विकतो इथं. या लवकर, मी हलू नाही देत तिले."

अकोल्याच्या बसमध्ये आई खिडकीपाशी बसली. मी दर दहा मिनिटांनी त्या काकडीवालीला फोन करायची. मुलीचा आवाज ऐकायची आणि ठेवायची. मूर्तिजापूरच्या पुढे तो फोनही लागेना. अर्धा-पाऊण तास. त्या वेळात मी काय काय डोळ्यांपुढे आणलं, ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. 

स्टँडवर मुलगी काकड्यांच्या टोपलीमागे बसली होती. पिशव्यांची थैली मांडीवर. काकडीवालीच्या फोनची बॅटरी उतरली होती, एवढंच.

काकडीवाली सांगू लागली, "एक माणूस आला व्हता. गाडीवर बस म्हणे, दुकान दूर हाये. पोरगी बसाले निंघालीच व्हती. म्या ईचारलं, कोन व्हय तू हिचा? कोन्तं दुकान? तं काही सांगता येईना त्याले. चार बाया जमा केल्या, तसा पयाला."

आईने मुलीला एक चापट मारली आणि मग छातीशी घट्ट धरलं. मुलगी रडत रडत मला म्हणाली, "तुमीच म्हणलं होतं ना मॅडम, गिऱ्हाईकाकडे जा म्हणून."

मी तिची थैली उचलून घेतली.

अकोल्यातच तक्रार दिली. तो नंबर पुन्हा कधी लागला नाही. माणूस सापडला नाही. पुढे कितीतरी दिवस स्टँडवर गाडी लावून उभा असलेला कुठलाही माणूस दिसला की मी थांबून त्याच्या गाडीचा नंबर लिहून घ्यायची.

वर्ग मी बंदच करणार होते. पाचव्या दिवशी मुलीची आई तिला घेऊन आली. चप्पल काढली आणि स्वतःही मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसली.

"शिकवा," ती म्हणाली. "मी इथंच बसतो."

मी खडू उचलला. पहिली ओळ लिहिली: गिऱ्हाईकाकडे एकट्याने जायचं नाही.