अकरा मेंदू वगळा

“तुमच्या वऱ्हाडातल्या लोकांना अर्धा तास गप्प पडून राहता येत नाही का?” सर भर बैठकीत मला म्हणाले. मग माझ्या बोलीची नक्कल करत, “त्याईले सांगाचं ना, हालू नोका म्हनून!”

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

अमरावतीत सरांच्या प्रयोगशाळेत आम्ही डिफ्यूजन एमआरआयवर काम करायचो. मेंदूच्या पांढऱ्या भागात तंतूंच्या जुड्या असतात. त्यांच्या आतबाहेर पाणी कसं सरकतं ते मशीन टिपतं, त्यावरून तंतू किती दाट आहेत ते आमचं मॉडेल सांगतं. त्यातला एक आकडा, पाणी किती वेगाने सरकतं तो, सरांनी कायमचा ठोकून ठेवला होता. निरोगी, खाऊनपिऊन सुखी मेंदूंवरून. अकोटकडच्या अकरा फवारणी मजुरांना तो लागू पडेना. सरांनी आकड्याला हात लावला नाही. निकाल दिला: हलले असतील, म्हणून स्कॅन बिघडले. वगळा.

वगळलं की उरलेल्या मजुरांवरून लिहायला मोकळे. फवारणीच्या औषधाने मेंदूला काही होत नाही.

त्या अकरांत माझी आत्या होती. कपाशीवरचं औषध तिने वर्षानुवर्षे हाताने कालवलं. हात थरथरतात तिचे. मशीनमध्ये तिने ते कमरेखाली दाबून धरले. त्रास झाला तर दाबायला दिलेला रबरी फुगा पोटावर तसाच. बाहेर आली तर उभं राहवेना.

“पायात गोळा आला वं बाई,” ती म्हणाली. “फुगा दाबला असता त तुही मशीन थांबली असती. म्हनून नाही दाबला.”

आणि ही हलली?

माझं डोकंच फिरलं. स्कॅन चालू असताना कोणाचं डोकं किती सरकलं, ते नोंदींतून काढता येतं. कोणी काढलंच नव्हतं. कशाला काढतील? कोण हलतं ते ठाऊकच होतं ना! मी सगळ्यांचं काढलं. मजुरांचं, आणि निरोगी नमुना म्हणून मशीनमध्ये झोपलेल्या सरांचं नि त्यांच्या मित्रांचंही.

पुढच्या बैठकीत तक्ता पडद्यावर लावला. जास्त हललेला सगळ्यात वर. पहिलं नाव सरांचं. मजूर तळाला, आत्या शेवटची. तक्ता मी मुद्दाम बराच वेळ तसाच ठेवला. मजा आली मला, खोटं कशाला बोलू?

“हे वैयक्तिक होतंय,” सर म्हणाले.

“हाव सर. त्याईले वगळाचं असन, त पयले तुमाले वगळा.”

या खेपेला कोणी हसलं नाही.

सरांनी शोधनिबंधातून माझं नाव काढलं. काढू दे. अकराही जणांनी आपापले स्कॅन मागून घेतले आणि माझ्या हवाली केले. आता मॉडेल मी त्यांच्या मेंदूंवरून बांधते आहे. ते उभं राहिलं की सरांचं डोकं त्यात घालून पाहीन. बसलं नाही, तर चूक डोक्यात आहे असं लिहीन. नावानिशी.